गुडवुड रिवायवल २०२७: कोण कोण येतंय? (तारखा, व्हिसा, कपडे, खर्च)

कार्बोरेटर (पुणे)

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्यांच्या धाग्यावर दर सप्टेंबरात कोणी ना कोणी गुडवुडचा व्हिडिओ डकवतं, खाली दहा जण "एकदा जायलाच हवं राव" लिहितात आणि गाडी पुन्हा पद्मिनीच्या डायनॅमोवर येते. या वेळी तसं व्हायला नको म्हणून वेगळा धागा काढतोय. आठ-दहा जण जमले तर बेत पक्का.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. इंग्लंडच्या दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्ये, चिचेस्टर गावाला लागून गुडवुड इस्टेट आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे आरएएफ वेस्टहॅम्पनेट हा लढाऊ विमानांचा तळ होता. युद्ध संपल्यावर तळाभोवतीच्या रस्त्याचाच ट्रॅक झाला आणि १८ सप्टेंबर १९४८ ला पहिली शर्यत झाली. १९६६ ला शर्यती थांबल्या. गाड्यांचा वेग फार वाढला होता आणि मालकांना, म्हणजे रिचमंडच्या ड्यूकना, वेग आवरण्यासाठी ट्रॅक तोडूनमोडून बदलायचा नव्हता. पहिल्या शर्यतीनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १८ सप्टेंबर १९९८ ला, त्यांच्या नातवाने तो पुन्हा सुरू केला. तेच हे रिवायवल. शुक्रवार ते रविवार, तीन दिवस. गाड्या १९६६ पर्यंतच्याच, आणि बघायला येणारे लोकही त्याच काळातले कपडे घालून येतात.

माझ्या डोक्यात असं आहे: मुंबई-लंडन थेट विमान, एक आठवडा, त्यातले तीन दिवस ट्रॅकवर. ज्यांना यायचंय त्यांनी हात वर करा आणि अडचणी आत्ताच सांगा. आदल्या महिन्यात "बायको नाही म्हणते" चालणार नाही.

टायमिंग_चेन

+१. वाखू (वाचनखूण) साठवली आहे. हात वर, पण खर्चाचा आकडा ऐकल्यावर खाली येऊ शकतो.

मृण्मयी_द

शेवटच्या वाक्याबद्दल निषेध. इथे बायकाही गाड्यांसाठी येतात. माझ्याकडे १९६२ ची हेरल्ड गाडी आहे आणि तिचं बॉनेट मी स्वतः उघडते.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर म्हटलं की आधी कालनिर्णय काढा. २०२४ ला रिवायवल ६ ते ८ सप्टेंबरला होतं आणि ७ ला गणपती बसले. २०२५ ला १२ ते १४ होतं, अनंत चतुर्दशी ६ लाच झालेली, म्हणून आमच्या ओळखीचं एक जोडपं आरामात जाऊन आलं. २०२७ ला गणपती ४ सप्टेंबरला बसतात आणि १४ ला विसर्जन. म्हणजे रिवायवल १४ च्या आत आलं तर माझ्यासारख्या गौरीवाल्या घरातून कोणी हलणार नाही. त्यानंतर आलं तर माझी हरकत नाही. तारखा अधिकृत जाहीर होईपर्यंत विमानाचं तिकीट कोणी काढू नका.

उंटावरचा_शहाणा

१४ नंतर म्हणजे पितृपक्ष. त्याबद्दल कोणी बोललं नाही अजून.

मृण्मयी_द

पितृपक्षात खरेदी करू नये म्हणतात. बघायला कोणी बंदी घातलीय?

उंटावरचा_शहाणा

मग स्पष्टच बोलतो. गुडवुड म्हणजे श्रीमंतांचं स्नेहसंमेलन आहे. कपडे काय, टोप्या काय, शॅम्पेन काय. ज्यांना खरोखर शर्यत बघायची आहे त्यांनी बेल्जियमला स्पा सिक्स अवर्सला चला. सप्टेंबरच्या अखेरीला किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते, सगळे सणवार चुकवून. जगातल्या सगळ्यात देखण्या ट्रॅकवर, सात किलोमीटरच्या एका फेरीत, १९६६ च्या आधीच्या शंभराच्या आसपास गाड्या एकाच वेळी. शनिवारी दुपारी सुरू होते आणि अंधार पडल्यावर संपते. रात्रीच्या काळोखात फोर्ड जीटी४० चे दिवे ओ रूजचा चढ चढून येतात ते एकदा बघा आणि मग मला कपड्यांबद्दल सांगा. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या करून तयार करतात तिथे, साध्या तिकिटावर फिरता येतं, गाडीपासून हातभर अंतरावर उभं राहता येतं. जॅकेट-टायची गरज नाही.

कार्बोरेटर (पुणे)

शहाणेसाहेब, स्पा माझ्याही यादीत आहे. पण बेल्जियमसाठी वेगळा शेंगेन व्हिसा, त्याला विम्याची सक्ती, आणि आर्देनच्या जंगलात आठ जणांची राहण्याची सोय. पहिल्यांदाच गट घेऊन जाताना मला भाषा कळणारा देश आणि डावीकडून चालणारे रस्ते हवेत.

ससेक्सकर

धाग्यावर उशिरा आलो, पण वर्दिंगला राहतो, ट्रॅकपासून तासाभराच्या आत. जमेल तेव्हा जातो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करू. गुडवुडला दोन मोठे कार्यक्रम होतात आणि भारतातून विचारणाऱ्या निम्म्या लोकांना दुसराच हवा असतो. फेस्टिव्हल ऑफ स्पीड उन्हाळ्यात, ड्यूकच्या वाड्यासमोरच्या चढावर. तिथे आजच्या फॉर्म्युला वन गाड्याही येतात, पण एकेक गाडी एकटी वर जाते. चाकाला चाक लावून शर्यत नाही. रिवायवल ट्रॅकवर होतं, आणि तिथे खरी शर्यत असते. तिकीट काढताना नाव दोनदा वाचा.

शहाणेसाहेबांचं निम्मं पटतं. काही लोक तिथे नुसते मिरवायलाच येतात. पण गाड्या मिरवायला आणलेल्या नसतात. टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) सेलिब्रेशनची शर्यत एक तासाची, एका गाडीला दोन चालक. फेरारी २५० जीटीओ, ई-टाइप, कोब्रा, अ‍ॅस्टन मार्टिन. यातली एखादी गाडी संग्रहालयात काचेआड ठेवली तर कोणी नावं ठेवणार नाही, आणि इथे ती मॅजविकच्या वळणावर पूर्ण आडवी होऊन सरकते. ठोकाठोकीही होते. पुढच्या वर्षी तीच गाडी पत्रा सरळ करून परत येते.

ट्रॅक ३.८ किलोमीटरचा. साठच्या दशकात होता जवळपास तसाच ठेवलाय. १९६५ ला जिम क्लार्क आणि जॅकी स्ट्युअर्ट या दोघांनी १ मिनिट २०.४ सेकंदांत फेरी मारली होती. म्हणजे सरासरी ताशी १७० च्या वर, आणि कडेला गवत आणि मातीचे बांध. हे डोक्यात ठेवून सेंट मेरीजच्या वळणाला उभे राहा. उजवीकडे वळता वळता रस्ता खाली उतरतो आणि लगेच डावीकडे फिरतो. २३ एप्रिल १९६२ ला स्टर्लिंग मॉसची लोटस तिथेच बांधावर आदळली. महिनाभर बेशुद्ध होता, त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये परतला नाही. बसण्याच्या जागेवर पैसे घालवायचे असतील तर शिकेनपाशी, म्हणजे वेग तोडणाऱ्या नागमोडी वळणापाशी, घाला, तिथे ओव्हरटेक दिसतात आणि शर्यतीचा शेवटही. बाकी वेळ गवताच्या बांधावर बसा, फुकट आहे आणि गाड्या जास्त जवळून दिसतात.

दिवस कुठला? शनिवारी मुंगी शिरायला जागा नसते. मला विचाराल तर शुक्रवार. सराव आणि पात्रता फेऱ्या जास्त असतात म्हणून लोक टाळतात, पण पॅडॉक मोकळा असतो. सकाळी लवकर गेलात तर इंजिनं गरम करणं चालू असतं. मेकॅनिक ओव्हरऑलमध्ये, गाडीखाली तेल गळायचा ट्रे, त्यावर वर्तमानपत्र. इंजिन सुरू होतं तेव्हा आधी एक-दोन सिलिंडरच पेटतात, ठक ठक, मग एकदम सगळे, आणि एरंडेलापासून केलेल्या रेसिंग ऑइलचा गोडसर वास येतो. तो वास नाकात बसला की दिवसभर जात नाही.

गॅरेजवाला_नाना (कोल्हापूर)

ससेक्सकर, जियो. मला एकच शंका. ऐकलं की आता तिथे पेट्रोल बंद केलंय म्हणे. मग त्या गाड्या चालतात कशावर?

ससेक्सकर

पेट्रोल पूर्ण बंद नाही नाना. २०२४ पासून रिवायवलच्या शर्यतींत किमान ७० टक्के शाश्वत घटक असलेलं इंधन सक्तीचं केलंय. इंजिनात मोठे बदल करावे लागत नाहीत. बांधावर बसून फरक ऐकू येत नाही, माझ्या कानांना तरी.

गॅरेजवाला_नाना (कोल्हापूर)

होज पाइप आणि डायफ्रामचं काय होतं ते मात्र बघायला पाहिजे. आपल्याकडे इथेनॉल वाढल्यापासून जुन्या कार्बोरेटरची रबरं फुगून येतात, रोज दुकानात बघतोय. तिथल्या एखाद्या मेकॅनिकला गाठून विचारायचंय. इंग्रजी मोडकं आहे पण पाना दाखवला की कळतं त्यांना. माझा हात वर.

बेळगावी_कुंदा

आमच्याकडून दोघे. शिवाय मुलं, बारा आणि आठ वर्षांची. त्यांना कंटाळा येईल का?

ससेक्सकर

मुलं कंटाळणार नाहीत, उलट सेट्रिंग्टन कप बघितल्यावर तुम्हाला निघू देणार नाहीत. ऑस्टिन जे४० नावाच्या पेडलच्या गाड्या, त्यात लहान मुलं. जुन्या ल मान्ससारखी सुरुवात: मुलं रस्त्याच्या एका बाजूला, गाड्या दुसऱ्या बाजूला, झेंडा पडला की धावत जाऊन आत बसायचं आणि पाय मारत सुटायचं. सगळा स्टँड उभा राहून ओरडतो. या गाड्यांचा इतिहासही वेगळाच आहे. वेल्समधल्या बारगोडला ऑस्टिनने खास कारखाना काढला होता आणि तिथे काम करणारे बहुतेक खाणीतले माजी कामगार होते, कोळशाच्या धुळीने फुप्फुसं गेलेले. खाणीत परत जाता येत नव्हतं, म्हणून हे हलकं काम.

मृण्मयी_द

वा! हे माहीत नव्हतं.

कपड्यांचं विचारते. ससेक्सकर, साडी चालेल का? १९४८ ते ६६ म्हटलं तर माझ्या आजीच्या दोन इरकली अजून पेटीत आहेत. फॅन्सी ड्रेस म्हणून फ्रॉक शिवून घेण्यापेक्षा ते बरं.

ससेक्सकर

मृण्मयीताई, नुसती चालेल नव्हे, सगळे वळून बघतील. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडात शिकायला, नोकरीला आलेल्या मराठी बायका साडीवर कार्डिगन आणि लांब कोट घालूनच हिंडत होत्या. जुने फोटो काढा, अगदी तसंच करा. पायात मात्र चप्पल नको. सप्टेंबरात पाऊस लागतो आणि बांधावरचं गवत ओलं असतं.

पुरुषांसाठी: साधी लोकरी पँट, शर्ट, टाय, ट्वीडचं जॅकेट. पॅडॉकमध्ये जायचं तर जुन्या धाटणीचे कपडे हवेतच, जीन्सवर सोडत नाहीत. बाहेर प्रेक्षकांना सक्ती नाही. पण अख्ख्या मैदानात आपण एकटेच रंगीत विंडचीटरमध्ये असलो की ओशाळल्यासारखं होतं. इथे चॅरिटीच्या दुकानांत जुनी जॅकेटं स्वस्तात मिळतात. आदल्या दिवशी वर्दिंगला या, एका दुपारी सगळ्यांचं जमवून देतो.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे नाना कोल्हापूरहून ट्वीडमध्ये.

गॅरेजवाला_नाना (कोल्हापूर)

मला जॅकेट नको. मेकॅनिकचा खाकी ओव्हरऑल आहे, वडिलांचा, १९६० च्या आसपासचा. त्यावर तेलाचे डागही त्याच काळातले आहेत.

ससेक्सकर

नाना, तुम्ही त्यात पॅडॉकमध्ये शिरलात तर कोणी तरी पाना हातात देईल.

टायमिंग_चेन

खर्च सांगा हो कोणी तरी.

कार्बोरेटर (पुणे)

माझा अंदाज माणशी अडीच ते तीन लाख, खरेदी सोडून. विमान लवकर काढलं आणि दोघांत एक खोली धरली तर अडीचच्या बाजूला. पाउंड शंभरीच्या बराच वर आहे, त्यामुळे तिथे चहा पितानाही गुणाकार होतो. रिवायवलची तिकिटं आगाऊच काढावी लागतात, गेटवर मिळत नाहीत, म्हणून तो खर्च सगळ्यात आधी.

एका ट्रॅव्हल कंपनीकडे चौकशी केली होती. त्यांनी गुडवुडचा एक दिवस धरला आणि उरलेल्या सहा दिवसांत लंडन आय, मादाम तुसाँ, स्कॉटलंडसुद्धा. वर परदेशी टूर पॅकेज म्हणून टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर. तो रिटर्न भरताना वळता होतो हे खरं, पण तोवर पैसे अडकतात. मी म्हणतो आपणच करू या.

मृण्मयी_द

आपणच करू या, पण पैसे एकाच्या खात्यावर गोळा करायचे नाहीत. मागे एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर लडाखला गेले होते. परतल्यावर हिशेबाचे कागद महिनाभर हिंडत होते आणि दोन चांगले मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. विमान आणि व्हिसा ज्याचं त्याने. रिवायवलची तिकिटं एकाने एकत्र काढायची आणि बाकीच्यांनी त्याच दिवशी पैसे पाठवायचे, "पगार झाल्यावर" नाही. जेवणखाणाचा सामायिक खर्च रोज रात्री मिटवायचा. आणि कोण कधीपर्यंत माघार घेऊ शकतो याची एक तारीख. त्यानंतर माघार घेतली तर तिकीट विकायची जबाबदारी त्याची.

कार्बोरेटर (पुणे)

मंजूर. हिशेब तुमच्याकडे.

मृण्मयी_द

मला वाटलंच होतं.

बेळगावी_कुंदा

व्हिसाला गट म्हणून एकत्र अर्ज करता येतो का?

कार्बोरेटर (पुणे)

नाही, प्रत्येकाचा वेगळा अर्ज, मुलांचाही. प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो, म्हणजे सप्टेंबरसाठी जूनच्या मध्यापासून. निकाल साधारण तीन आठवड्यांत. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न, नोकरी असेल तर रजेचं पत्र, धंदा असेल तर त्याची कागदपत्रं. आदल्या आठवड्यात खात्यावर अचानक चार लाख आलेले दिसले तर ते विचारतात, तेव्हा काकांकडून उसने घेऊन शिल्लक फुगवू नका. अर्जाला रिवायवलचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता जोडा. कशासाठी येताय हे स्वच्छ दिसलं पाहिजे.

टायमिंग_चेन

राहायचं कुठे? चिचेस्टरचे दर बघितले. हॉटेल विकत घ्यायचं नाही, फक्त राहायचंय असं कळवावंसं वाटलं.

ससेक्सकर

त्या आठवड्यात चिचेस्टर विसरा. पोर्टस्मथ किंवा वर्दिंग धरा, दोन्हीकडून चिचेस्टरला रेल्वे आहे आणि स्टेशनवरून ट्रॅकला बस. आठ-दहा जण असाल तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. गाडी घ्यायची तर भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने चालवता येते. पण भाड्याने देणारे चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, हे निघण्याआधी बघा. आणि शनिवारी सकाळी ए२७ महामार्गावर अडकायचं नसेल तर सहाला घर सोडा. चिचेस्टरच्या राउंडअबाउटवर तुम्हाला चांदणी चौकाची आठवण येईल.

बेळगावी_कुंदा

खाण्याचं? आम्ही पूर्ण शाकाहारी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणू, आणि कुंदा तर आणणारच.

ससेक्सकर

दशम्या दुधात भिजवलेल्या नकोत, पाण्यातल्या आणा. चटणी, चिवडा चालेल. कुंदा मात्र नाही! भारतातून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि त्यात पेढे, बर्फीसारख्या मिठाया आल्याच. विमानतळावर काढून घेतात. ट्रॅकवर स्वतःचा डबा न्यायला हरकत नसते. मैदानात शाकाहारी मिळतं, पण रांगा आणि किमती बघून डबाच गोड लागतो.

बेळगावी_कुंदा

कुंदा नाही म्हणजे माझ्या आयडीलाच प्रवेश नाही.

गॅरेजवाला_नाना (कोल्हापूर)

उरलेल्या दिवसांत काय? मला राणीचा वाडा बघायचा नाही.

ससेक्सकर

नाना, ब्रुकलंड्स. लंडनजवळ वेब्रिजला. १९०७ ला खास मोटार शर्यतींसाठी बांधलेला जगातला पहिला ट्रॅक. तिरप्या काँक्रीटच्या भिंतीसारखी वळणं होती, त्यातला काही भाग अजून उभा आहे आणि त्यावर चढता येतं. तिथेच कॉनकॉर्डही ठेवलंय. चिचेस्टरजवळ टँगमियरचं विमान संग्रहालय आहे, वेस्टहॅम्पनेट त्याच तळाची उपधावपट्टी होती. रोल्स रॉइसचा कारखाना तर गुडवुडच्या दारातच.

एक किस्सा खास तुमच्यासाठी. १९५९ ची टीटी. अ‍ॅस्टन मार्टिनच्या पिटमध्ये (शर्यतीत गाडी थांबवून इंधन भरतात तो गाळा) इंधन भरताना आग लागली, मॉसची गाडी आणि पिट दोन्ही गेले. तेव्हा ग्रॅहम व्हाइटहेड या खासगी चालकाने स्वतःची अ‍ॅस्टन शर्यतीतून काढली आणि आपला पिट कारखान्याच्या संघाला दिला. मॉसने संघाची दुसरी गाडी हातात घेतली आणि जिंकली. त्या वर्षीचं स्पोर्ट्सकारचं जागतिक अजिंक्यपद अ‍ॅस्टनला त्या विजयाने मिळालं. पिटपाशी गेलात की आठवा.

मृण्मयी_द

आणि तारखा गणपतीतच आल्या, आणि तरीही कोणी गेलंच, तर लंडनला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात दर्शन घ्या. १९३२ पासूनचं मंडळ आहे. घरी सांगायला तेवढंच.

उंटावरचा_शहाणा

बरं, बहुमत गुडवुडला आहे हे दिसतंय. मी येतो. पण २०२८ ला स्पा, आत्ताच लिहून घ्या. आणि मला शनिवारचं तिकीट नको, शुक्रवार-रविवार द्या. शनिवारी मी ब्रुकलंड्सला जाईन.

कार्बोरेटर (पुणे)

शहाणे शनिवारी ब्रुकलंड्स, नोंद केली. आत्तापर्यंत: मी आणि सौ., मृण्मयीताई, नाना, चेन (अर्धा हात), कुंदा कुटुंब चार, शहाणे. नक्की नऊ आणि एक अर्धा. तारखा जाहीर झाल्या की याच धाग्यावर टाकतो. त्या दिवसापासून आठ दिवसांत हो किंवा नाही कळवायचं.

टायमिंग_चेन

अर्धा हात पूर्ण करतोय. घरी बोललो. अट एकच आहे, परत येताना गाडीचा एकही स्पेअर पार्ट आणायचा नाही.

गॅरेजवाला_नाना (कोल्हापूर)

माझ्या बॅगेत जागा आहे.